एकेरीचा खेळ, घरादाराचा खर्च

नागपुरात रामनगरच्या टेनिस कोर्टाकडे संध्याकाळी चक्कर मारली, की आत पोरं खेळताना दिसतात आणि बाहेर आया बसलेल्या. कुणाच्या पर्समध्ये केळी, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणी तिथेच बसून भाजी निवडते आहे. उन्हाळ्यात हेच दृश्य पहाटे साडेपाचला. कारण नंतर आपल्या नागपूरच्या उन्हात कोर्टावर पाय ठेवायची सोय नाही.

तिथेच एका बाईंशी ओळख झाली. मुलगा तेरा वर्षांचा, सहा वर्षांपासून खेळतोय. त्या म्हणाल्या, "ताई, सर म्हणून राहिले, पोरात दम आहे, पुण्याला न्या. आता तुम्हीच सांगा, न्यावं का?" बेत असा होता, की आई आणि मुलगा पुण्यात भाड्याने खोली घेऊन राहणार. बाबांची नोकरी नागपूरला, आजी नागपूरला आणि नववीतली मुलगीही नागपूरलाच. मी विचारलं, "मुलीचं कसं होईल?" त्या पटकन म्हणाल्या, "ती समजदार आहे हो. सारं करते घरातलं."

ती समजदार मुलगी तेव्हा जाळीच्या बाहेर गेलेले चेंडू वेचून आणत होती.

त्या बाईंच्या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. पण मैत्रिणींनो, प्रश्न एकट्या त्यांचा नाही. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, सगळीकडे अशी घरं आहेत. खेळ टेनिसचा असेल, बॅडमिंटनचा असेल किंवा क्रिकेटचा. म्हणून म्हटलं, जरा मुळापासून बघू. पुरुष एकेरीच्या ज्या झगमगाटाकडे बघून आपण मुलाला पुण्याला न्यायचं म्हणतो, त्या झगमगाटामागे काय आहे?

बालेवाडीचा सोहळा

पुण्याचं नाव टेनिसमध्ये मोठं झालं ते 'महाराष्ट्र ओपन'मुळे. ही स्पर्धा १९९६ साली दिल्लीत सुरू झाली, १९९७ ला चेन्नईला गेली आणि तिथे वीसेक वर्षं नांदली. २०१८ मध्ये ती पुण्याला आली. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात, राज्य सरकारच्या पाठिंब्याने. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये 'एटीपी २५०' नावाची जी पायरी आहे, त्या पायरीची ही स्पर्धा. जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २५० गुण.

२०१८, २०१९, २०२०, मग कोरोनामुळे एक वर्ष खंड, आणि २०२२, २०२३. अशा एकूण पाच स्पर्धा तिथे झाल्या. पाच वर्षांत पाच विजेते: फ्रान्सचा जिल सिमॉन, दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन, चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली, पोर्तुगालचा जुआव सूझा आणि नेदरलँड्सचा टालोन ग्रीकस्पूर. २०१९ चा अंतिम सामना तर बघण्यासारखा होता. एका बाजूला सहा फूट आठ इंचांचा अँडरसन, दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षाही उंच आणि वयाची चाळिशी गाठत आलेला क्रोएशियाचा इव्हो कार्लोव्हिच. तीन सेट झाले आणि तिन्ही टायब्रेकला गेले. ज्यांनी बालेवाडीत बसून तो सामना पाहिला, त्यांचे पैसे वसूल झाले.

आता या यादीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. त्यात एकही भारतीय नाव नाही. विजेता सोडाच, पाच वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीतही कुणी भारतीय पोचला नाही. दुहेरीत मात्र आपण दोनदा जिंकलो. २०१९ ला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. एकेरीत आपल्या खेळाडूंना आयोजकांकडून 'वाइल्ड कार्ड' म्हणजे थेट प्रवेश मिळायचा. पुण्याच्या अर्जुन कढेला तो मिळाला. २०२३ मध्ये पुण्याच्याच मानस धामणेला मिळाला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. अमेरिकेच्या मायकेल मोहकडून तो २-६, ४-६ असा हरला. पंधराव्या वर्षी हे काही कमी नाही. पण तो ज्या तयारीच्या जोरावर उभा होता, ती इटलीतल्या अकादमीत झालेली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

२०२३ नंतर स्पर्धा पुण्यातून गेली. जानेवारीतल्या त्या आठवड्याची स्पर्धा २०२४ पासून हाँगकाँगला होऊ लागली. बऱ्याच जणांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण थोडा विचार केल्यावर वाटतं, आपलं नेमकं काय गेलं? बघण्याची एक मोठी संधी गेली, हे खरं. पण आपल्या पोरांना चढायला जी शिडी लागते, ती याच स्पर्धेत होती का?

शिडीचं गणित

टेनिसची शिडी कशी आहे, ते थोडक्यात सांगते. सगळ्यात वर विम्बल्डनसारख्या चार ग्रँड स्लॅम. विजेत्याला २००० गुण. त्याखाली १०००, ५०० आणि २५० गुणांच्या स्पर्धा. त्याखाली 'चॅलेंजर'. आणि अगदी तळाला आयटीएफच्या छोट्या स्पर्धा, ज्यांत एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर असतं. ही रक्कम एकाला नाही मिळत. ती सगळ्या खेळाडूंत वाटली जाते.

आता हिशेब बघा. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड मिळाले. आपल्या रुपयांत पंचाहत्तर लाखांच्या वर. आणि २००७ पासून विम्बल्डनमध्ये पुरुष आणि महिलांना बक्षीस सारखंच असतं, म्हणजे पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीलाही तेवढेच. उलट तळाच्या पंधरा हजार डॉलरच्या पुरुष स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात तर हातात येतात साधारण दीडशे डॉलर. तेरा-चौदा हजार रुपये. गुण शून्य. आणि अख्खी स्पर्धा जिंकलात तर दोन लाखांच्या आत, आणि गुण पंधरा. यातूनच प्रवास, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, आणि सोबत कोच नेला असेल तर त्याचाही खर्च. जिंकून आलेला मुलगासुद्धा पुष्कळदा पदरचे पैसे घालूनच घरी येतो.

सुमित नागलचं उदाहरण सगळ्यांनी वाचलं असेल. हरियाणातल्या झज्जरचा, शाळामास्तरांचा मुलगा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने सांगितलं, की त्याच्या बँकखात्यात ९०० युरो उरले आहेत. ऐंशी हजार रुपये! तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. जे मिळालं ते सगळं खेळातच घातलं, असं त्याचं म्हणणं होतं. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिलाच भारतीय पुरुष ठरला. २०२४ च्या जुलैत तो जगात ६८ वा होता.

ही गोष्ट ऐकून आपल्याला काय वाटतं? "बघा, जिद्द असली की होतं!" मला मात्र ते चार महिने दिसत नाहीत. त्याआधीची दहा वर्षं दिसतात. आणि असंही वाटतं, की ज्या पोरांच्या खात्यात ९०० युरोही उरले नाहीत आणि जी मधेच परत आली, त्यांच्या मुलाखती कोणी घेतल्या नाहीत.

छोट्या स्पर्धेतून आलेला विजेता

मोठी स्पर्धा गेली, तरी पुण्यात टेनिस थांबलं नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे पुरुषांची 'चॅलेंजर' स्पर्धा झाली, १०० गुणांची. मोठी नावं नाहीत, सिनेनट नाहीत, तिकिटांसाठी झुंबड नाही. २०२४ ची स्पर्धा मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. तेव्हा कुणाला त्याचं नावही धड घेता येत नव्हतं.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झालं? शांघायच्या १००० गुणांच्या स्पर्धेत हा व्हाशेरो पात्रता फेरीतून आला. तिथेही त्याचं नाव आधी यादीत नव्हतं, कुणी गळालं म्हणून जागा मिळाली. जगात २०४ वा क्रमांक. त्याने उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि अंतिम फेरीत कुणाला, तर स्वतःच्याच मावसभावाला, आर्थर रिंडरनेकला! त्या पायरीची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने त्याआधी कधीच जिंकली नव्हती. जिंकल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर त्याने आजी-आजोबांची आठवण लिहिली. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण मुद्दा वेगळाच आहे. शांघायला पोचायचं तर आधी पुण्यासारख्या ठिकाणचे गुण मिळवावे लागतात. शिडी अशी चढतात. मोठी स्पर्धा बघायला असते, छोटी स्पर्धा चढायला. आपण मात्र बघायची स्पर्धा गेली म्हणून हळहळतो आणि चढायची स्पर्धा आपल्या गावात का होत नाही, हे विचारतच नाही.

आता नागपूरचा विचार करा. मुलाला पुण्याची स्पर्धा खेळायची, तर रेल्वेचा प्रवास. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तिलाही बारा तास लागतात. ज्युनिअरची देशातली क्रमवारी हवी तर बारा, चौदा, सोळा, अठरा अशा वयोगटांच्या स्पर्धा गावोगाव जाऊन खेळायच्या. सोबत मोठं माणूस हवंच. म्हणजे दोघांचं भाडं, दोघांचं हॉटेल, आणि आई नोकरी करत असेल तर तिच्या रजा. मुलगा सोळा वर्षांचा झाला, की त्याला आपण कोचसोबत पाठवतो. मुलगी असेल तर आई अठराव्या वर्षापर्यंत आणि नंतरही सोबत जाते. मुलीचा खेळ आधी थांबतो, त्याचं एक मोठं कारण या दुप्पट खर्चात आहे.

हाच खर्च कमी कसा होईल? विदर्भात वर्षातून चार-सहा चांगल्या स्पर्धा झाल्या, तर. रात्रीच्या गाडीने जाऊन येता येईल अशा अंतरावर, मुलांच्या आणि मुलींच्याही. मोठ्या सोहळ्यापुढे त्याला लागणारा पैसा किरकोळ असेल.

सरकार पैसा देत नाही असं नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा राज्य सरकारने तिला तीन कोटींचं बक्षीस दिलं. छान झालं, ते तिचंच होतं. पण बक्षीस जिंकल्यावर मिळतं, खर्च जिंकण्याआधी होतो. तो आधीचा खर्च घर करतं. आपल्याच मालविका बनसोडने बॅडमिंटनसाठी रायपूर गाठलं, तेव्हा आई तिच्यासोबत तिथे राहिली. ती आई दंतवैद्य आहे, तिला ते जमलं. ज्या आईला जमणार नाही, तिच्या मुलीचं काय?

आणि अभ्यास?

टेनिसच्या घरात एक भांडण हमखास असतं. बाबा म्हणतात, दहावीपर्यंत ठीक आहे. कोच म्हणतात, आता शाळा बाहेरूनच करा. आई मधल्या मधे.

याबाबतीत मला एक गंमत सापडली. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेचा २०१९ चा विजेता अँडरसन अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकला. पुण्याची छोटी स्पर्धा जिंकणारा व्हाशेरो टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकला, त्याचा मावसभाऊही तिथलाच. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात होता. आणि टेक्सास ए अँड एममध्येच आणखी कोण शिकलं? आपली ऋतुजा भोसले, जन्म श्रीरामपूरचा. तिने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. म्हणजे पदवी आणि टेनिस एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

मुलींच्या आयांनी इथे कान द्यावा. अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. त्यामुळे तिथल्या कॉलेजांना खेळातही मुलींना समान संधी द्यावी लागते. परिणाम असा, की तिथल्या वरच्या गटातल्या कॉलेजांत टेनिसच्या पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा कित्येक वर्षं मुलांच्या संघाला साडेचार आणि मुलींच्या संघाला आठ होती. टेनिस खेळणारी, दहावी-बारावीला बरे गुण असलेली मुलगी ही घरावरचा भार नसते, तिच्यासमोर एक जास्तीचा रस्ता असतो. अर्थात हा रस्ताही सगळ्यांसाठी नाही. गुण लागतात, इंग्रजी लागतं, खेळाची क्रमवारी लागते. पण शाळा सोडायला सांगणाऱ्या कोणालाही होकार देण्याआधी एवढं तरी माहीत असावं. आपल्याकडेही खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. त्यालाही शिक्षण लागतंच.

मुलींना बघायलाही काही नाही, असं समजू नका. मुंबईत महिलांची व्यावसायिक स्पर्धा होते. २०२५ मध्ये कोइंबतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन तिथे थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बालेवाडीत महिलांच्या बिली जीन किंग कपचे सामने झाले आणि आपल्या मुली दुसऱ्या आल्या. घरात याची चर्चा किती झाली, ते ज्याचं त्याने आठवावं.

घरची वही

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. "न्यावं का पुण्याला?"

त्यांना मी एवढंच म्हटलं, की उत्तर द्यायच्या आधी एक वही करा. डाव्या पानावर टेनिसचा वर्षाचा खर्च. फी, रॅकेट, तारा, बूट, प्रवास, पुण्याचं भाडं. स्वतःची नोकरी किंवा शिवणकाम सुटणार असेल तर तेही लिहा, कारण तोही खर्चच आहे. उजव्या पानावर, हे पैसे कुठून येणार आणि कुणाचं काय थांबणार. एफडी मोडणार का? आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे जाणार का? मुलीचं काय थांबणार? आणि सगळ्यात शेवटी एक तारीख. दोन वर्षांनी अमुक एका क्रमवारीपर्यंत पोचला तर पुढे, नाही तर परत नागपूर, आणि त्यात लाज कसली? ही तारीख मुलालाही आधीच सांगायची. तेरा वर्षांच्या मुलाला ते कळतं. उलट अख्ख्या घराचं ओझं आपल्या सर्व्हिसवर आहे, हे न सांगता त्याला जाणवत राहतं, तेच जास्त वाईट.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा भेटल्या. वही केली होती. डावं पान भरलं होतं, उजवं अर्धं. मुलीच्या रकान्यात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिचं काय लिहू? तिला काही लागतच नाही." मुलगी शेजारीच चेंडूंची टोपली घेऊन उभी होती. मला वाटलं, तीही म्हणेल, मलाही खेळायचंय. तसं लिहायलाही बरं वाटलं असतं. मी विचारलं, "तुला आवडतं का गं टेनिस?"

ती म्हणाली, "नाही आवडत. मला गणिताची ट्यूशन लावायची आहे. मागच्या वर्षीपासून म्हणून राहिली मी. पण दादूचे बूट घ्यायचे होते."

बाई एकदम गप्प झाल्या. मग पर्समधून पेन काढला आणि उजव्या पानावर लिहिलं, गणित. पुढे रक्कम लिहायला जागा सोडली.

पुण्याला जायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. दिवाळीपर्यंत बघू म्हणतात. ठरेल ते ठरो. आपल्या घरातही कुणाचा खेळ, कुणाचं नीट, कुणाचं यूपीएससी चालू असेल, तर अशी वही करून बघा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला भेटाल तेव्हा स्टेडियमची मागणी सगळेच करतात, तुम्ही स्पर्धा मागा. आपल्या जिल्ह्यात, वर्षातून दोनदा, मुलांची आणि मुलींची.